शिळफाट्यापर्यंत गार

आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. आमच्या गाडीचा एसी कधी बिघडलेलाच नव्हता. पण त्या उन्हाळ्यात हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आई, बाबा आणि मी रोज सकाळी डोंबिवलीहून ठाण्याला आणि संध्याकाळी ठाण्याहून डोंबिवलीला त्या गाडीत बसून भाजून निघत होतो, आणि आमचं सगळं बोलणं, सगळी भांडणं, सगळी आशा त्या डॅशबोर्डवरच्या जाळीतून येणाऱ्या हवेवर येऊन अडकली होती. आज माझा मुलगा गाडीत बसल्या बसल्या पडद्यावर बोट लावून एसी अठरावर नेतो, वर म्हणतो, "आई, तुला हवंय तेवढं कर ना." मला काही करायचं नसतं. मी खिडकी खाली करते आणि तो वैतागतो. वैतागू दे.

गाडी आम्ही हौसेने घेतली नव्हती. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तेव्हा गाडी नव्हती, त्यामुळे ती जुनी पांढरी गाडी खाली उभी राहिली तेव्हा शेजाऱ्यांनी "पेढे कुठायत?" म्हणून विचारलं, आणि आईने खरोखर पेढे वाटले. गाडी का घ्यावी लागली ते तिला कुणाला सांगायचं नव्हतं. आई ठाण्याच्या कोर्टात नक्कल विभागात होती. टाइप होऊन आलेली प्रत मूळ निकालाशी ओळ न ओळ ताडून बघायची, हे तिचं काम. स्वल्पविराम सुटला तरी प्रत परत जायची. "माझ्या हाताखालून गेलेल्या प्रतीत चूक दाखवा, मी नोकरी सोडते," असं ती जेवताना म्हणायची आणि वरणात मीठ कमी पडलंय हे मात्र तिला कळायचं नाही. ती डोळ्यांची माणूस होती. दळणात खडा तिला लांबून दिसायचा, माझ्या केसातली ऊ तिला दारातून दिसायची.

एकदा ती ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि लाटता लाटता म्हणाली, "शुभे, दिवे गेले काय गं?" भर दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी म्हटलं, चेष्टा करतेय. मग तिने लाटणं खाली ठेवलं आणि भिंत चाचपत जमिनीवर बसली. पंख्याखाली बसवून मानेवर ओला पंचा ठेवल्यावर हळूहळू तिला परत दिसायला लागलं. पुढे ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी त्या रोगाचं लांबलचक नाव सांगितलं. बाबांनी ते तीनदा विचारलं आणि तिन्हीदा विसरले. मग डॉक्टर म्हणाले, नसांवरचं आवरण झिजतंय, अंग तापलं की नजर जाते, पाय लुळे पडतात, अंग निवलं की परत येतं. बाबा म्हणाले, "म्हणजे वायरचं रबर गेलंय." डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "निवल्यावर परत येतंय ना, तोवर घाबरायचं नाही." तो 'तोवर' मी ऐकला आणि बाबांनीही ऐकला. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो आणि त्या शब्दाबद्दल एक अक्षर बोललो नाही.

तेव्हापासून घराची घडीच बदलली. आईला गॅसपाशी उभं राहायला बंदी. स्वयंपाक माझ्याकडे आला आणि माझ्या भाकऱ्या बघून बाबा म्हणायचे, "ही भाकरी आहे की डेपोतला ब्रेक लायनर?" तरी खायचे. दहीभात, कोकमाचं सार, काकडीची कोशिंबीर, हेच आलटून पालटून. चहा आईला आवडायचा तसा वाफाळता मिळेनासा झाला. ती तो बशीत ओतून, पूर्ण गार करून, तोंड वाकडं करत प्यायची आणि म्हणायची, "हा चहा नाही, चहाचं प्रेत आहे." माठ दोन झाले. एक पिण्याचा, एक पंचे भिजवण्याचा. दिवसभर घरात पंचा पिळल्याचा आवाज, पाणी बादलीत पडल्याचा आवाज, टेबलफॅनचा घरघर आवाज, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारायचं, "निवलं का?" आई म्हणायची, "निवलं." मग सगळे आपापल्या कामाला लागायचे.

ट्रेनने जाणं डॉक्टरांनी बंद केलं. म्हणून ही एसीची गाडी. बाबा खोपटच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर. कंबर गेल्यामुळे तेव्हा त्यांना डेपोतल्या डेपोत गाड्या हलवायचं हलकं काम दिलेलं होतं, त्यामुळे आईच्या वेळा त्यांना जमायच्या. आयुष्यभर इंजिनाच्या तापलेल्या बॉनेटशेजारी बसून त्यांनी घाट चढवलेले. एसीत त्यांना शिंका यायच्या. "ही आजारी माणसांची हवा," असं एकदा पटकन बोलून गेले आणि मग दिवसभर आईच्या मागेपुढे करत राहिले. पण पहिले महिने गाडीने आम्हाला खूप सुख दिलं, हे मान्य केलं पाहिजे. घरातून गाडीपर्यंत येतानाच आईची नजर धूसर व्हायची. मग गाडी निघाली, हवा गार झाली, की बाबा पुढच्या ट्रकच्या मागे जाऊन म्हणायचे, "वाच." आई डोळे बारीक करायची. काटई नाक्याला नुसता रंग दिसायचा. शिळफाट्याला मोठी अक्षरं. मुंब्र्याला ती ट्रकचा नंबर वाचायची, खाली लिहिलेली शायरी वाचायची, आणि कळव्याचा पूल यायच्या आत त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायची. बाबा मुद्दाम तसले ट्रक शोधायचे. मी मागे बसून कॉलेजची वही उघडून हसत असायचे. आमची सहलच असायची ती.

आता कुसुममावशीबद्दल. आईची धाकटी बहीण, दिवा स्टेशनपाशी राहायची. तिथे नळाला पाणी आलं तर आलं, म्हणून दर रविवारी ती रिकामे कॅन घेऊन आमच्याकडे यायची, आंघोळ करायची, कॅन भरायची, आणि जाईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. जीव लावणारी बाई. आईचं कळल्यापासून ती कॅन विसरायची पण काहीतरी उपाय घेऊन यायची. कधी मेथीदाणे, कधी कुठल्या महाराजांचं तेल. त्या वर्षी शिमग्याला ती गावी गेलेली. देवीची पालखी घरी आली तेव्हा तिने गाऱ्हाणं घातलं, गुरवाकडून कौल लावून घेतला, आणि लाल फडक्यात बांधलेली अंगाऱ्याची पुडी काळ्या दोऱ्यात ओवून घेऊन आली. देवीचा हुकूम असा, की आजारी माणसाच्या नजरेसमोर राहू दे आणि दुसऱ्या कुणी हात लावू नये. मावशीच्या मते बाधा रस्त्यात होती. "ताईला जे होतंय ते त्या शीळच्या रस्त्यानेच होतंय. गाडीत बांधते."

बाबा देवळाबाहेर चपला सांभाळत बसणारे गृहस्थ. पण आईने "बांधू द्या हो, तिचं समाधान," म्हटल्यावर गप्प बसले. फक्त आरशाला बांधू देईनात. काचेसमोर काही लटकवायचं नाही, हा त्यांचा ड्रायव्हरकीचा नियम. मग मावशी पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्ड चाचपू लागली. एसीच्या बटणांखाली एक आडवा दांडा होता, एका टोकाला निळी रेघ, दुसऱ्या टोकाला लाल.

"हा कशाचा?"

"हिटरचा," बाबा म्हणाले. "त्याचं इथे काय काम?"

"मग बरंच झालं, रिकामाच आहे," असं म्हणून मावशीने पुडी त्याला बांधली, आणि ती आईच्या अगदी समोर यावी म्हणून दांडा सरकवून आईच्या बाजूच्या टोकाला नेला. लाल टोक आईच्या बाजूला होतं. बाबा बघत उभे होते, मीही होते. बाबांना वाटायचं, हिटर म्हणजे गीझरसारखा, बटण दाबल्याशिवाय काही चालू होत नसणार. डोंबिवलीत जन्मात कुणी गाडीचा हिटर लावला असेल तर मला दाखवा. मावशीने हात जोडले, आईनेही जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिळफाट्यापर्यंत गार आलं आणि मग कोमट. मुंब्र्याला चक्क गरम. आज मला कळतं, इंजिनाचं पाणी तापेपर्यंत गार आणि तापलं की गरम, यात कोडं असं काही नव्हतं. पण तेव्हा बाबा म्हणाले, "दमते बहुतेक." गाडीला ते बाईमाणसासारखंच बोलायचे. डोंबिवलीतल्या गॅरेजवाल्याने झाकण उघडलं, नळ्यांना हात लावून बघितला, म्हणाला, "गॅस कमी है." गॅस भरला. गॅरेजच्या दारात हवा बर्फासारखी, कारण गाडी नुकतीच चालू केलेली. बाबा खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी शिळफाटा आला आणि परत तेच. मग ठाण्यातल्या एकाने कंप्रेसर बदलला. मग कुणी म्हणालं पुढची जाळी तुंबलीय, तर डेपोतल्या म्हात्रेकाकांनी एसटी धुवायच्या पाइपाने ती जाळी खळखळून धुतली. म्हात्रेकाका बाबांचे जिवलग, वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, खाडीकाठचे. सगळं धुऊन, पुसून, आत बसून त्यांनी हात जाळीसमोर धरला. "मोरे, मना तं कायच बिघाड दिसत नाय. थंड येतंय बग." बाबा म्हणाले, "शिळफाट्यापर्यंत येतं रे." म्हात्रेकाका म्हणाले, "मंग शिळफाट्यालाच घर घे."

यातल्या प्रत्येकाने ती पुडी बघितली होती. गॅरेजवाल्याने हाताचं ग्रीस पुसून तिला नमस्कार केला. कंप्रेसरवाल्याने बटणं दाबताना तिला धक्का लागू नये म्हणून बोट वाकडं केलं. म्हात्रेकाकांनी विचारलं, "देवीचा हाय काय?" आणि हात मागे घेतला. कुणाच्या देवाला कोण हात लावणार? मलाही ती बाजूला सारावीशी कधी वाटली नाही. माझा विश्वास होता असं नाही, पण नव्हता असंही म्हणवत नाही. आई मरणार नाही एवढं कुणीही सांगितलं असतं तर त्याच्यावर मी विश्वास ठेवला असता.

कारण इकडे आईचं बिघडत चाललेलं. मुंब्र्याला नंबर वाचणं थांबलं. मग कळव्याला थांबलं. कोर्टात पोचल्यावर पंख्याखाली बराच वेळ बसून तिला अक्षरं लागायची, तीही दुपारपर्यंत. आम्ही सगळे एसीला दोष देत होतो. आईसुद्धा. "हवाच गरम येते त्याला मी काय करू? एसी नीट होऊ दे, मग बघा." बाबा तर गुन्हेगारासारखे वागायचे. जेवताना मधेच उठून खाली जायचे, बॉनेट उघडून उभे राहायचे. मी वरून बघायचे. एक माणूस उघड्या गाडीसमोर हात मागे बांधून उभा आहे, काही करत नाही, नुसता बघतोय. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि तरी मी खिडकीतून हलायचे नाही. आईच्या वरिष्ठ बाई चांगल्या होत्या, पण त्यांनीही सांगितलं की उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर डॉक्टरांच्या मंडळासमोर डोळे तपासून घ्यावे लागतील. तिथे ती वाचू शकली तर नोकरी, नाहीतर घरी. आई म्हणाली, "वाचीन की. गार खोलीत बसवा म्हणावं." माझी कॉलेजची परीक्षा त्याच काळात झाली. काय लिहिलं देव जाणे.

मे महिन्यातली ती दुपार. कोर्टातून बाबांना डेपोत निरोप आला, घेऊन जा. मी कॉलेजच्या लायब्ररीत होते, बाबा मला घेऊनच गेले. आई बाहेर बाकावर बसली होती, पर्स मांडीवर, डबा न उघडलेला. दोघांनी दोन दंडांना धरून गाडीत बसवली. सकाळी एका प्रतीवर तिने सही केली होती आणि त्यात एक पूर्ण ओळ गाळलेली निघाली. ते तिने आम्हाला गाडीत सांगितलं, अगदी शांतपणे. म्हणाली, "ओळ होती हो तिथे. मला दिसलीच नाही." मुंब्र्याच्या आधी गाड्या अडकल्या. पुढे ट्रक, मागे ट्रक, काचा बंद, कारण बाहेर वणवा, आणि आत जाळीतून गरम वाफ तोंडावर. आईच्या मानेवरचा पंचा वाळून कडक झालेला. ती पुडी तिच्या समोर हलत होती आणि आईने सवयीने तिला दोन बोटं लावून कपाळाला लावली.

तिथे बाबांचं डोकं फिरलं. आयुष्यात त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही चढवला नाही. दात आवळून म्हणाले, "काय केलंन तुझ्या देवीने? काय केलंन?" आणि पुडीला धरून आपल्या बाजूला जोरात ओढलं. दोरा चांगला पक्का होता. आधी दांडा करकरत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि मग दोरा तुटला. पुडी बाबांच्या मुठीत फुटली. राख त्यांच्या पँटवर, गिअरवर सांडली. आई म्हणाली, "अहो, हे काय केलंत?" ट्रक थोडा सरकला, बाबांनी गाडी थोडी सरकवली.

मग माझ्या गुडघ्यांना गार लागलं. आधी मला वाटलं भास आहे. मग हातांना लागलं, मग मानेला. बाबांनी राखेने माखलेला हात जाळीसमोर धरला, काढला, परत धरला. त्यांनी त्या दांड्याकडे बघितलं, निळ्या रेघेकडे, लाल रेघेकडे, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "आलं," ते म्हणाले. "अगं, गार आलं. अगं, हिटर होता तो, एवढे दिवस हिटर चालू होता." ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीपण पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागले. मला वाटलं, संपलं. एका टिचभर दांड्याचं एवढं रामायण, आणि संपलं. पुढचा अर्धा रस्ता बाबांनी हवा पूर्ण सोडली होती. मी मागे कुडकुडत होते, ओढणी पांघरून बसले होते. खिडकीच्या काचेवर बाहेरून धुकं धरलं होतं. आईच्या हातावर काटा आलेला मला मागून दिसत होता.

शिळफाटा ओलांडल्यावर एक ट्रक पुढे आला, मागे मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलेला. बाबा त्याच्या अगदी जवळ गेले. म्हणाले, "वाच."

आई बघत राहिली. नेहमीसारखे डोळे बारीक केले, मान पुढे काढली. काटई नाका आला. ट्रक वळून गेला, बाबांनी दुसरा गाठला. "हा वाच." आईने हात जाळीसमोर धरला, काटा आलेला हात, बोटं पसरून. मग ती म्हणाली, "अहो, कुठे गार येतंय? गरमच आहे की. नीट झालेला नाही एसी."

बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. डॉक्टरांच्या त्या 'तोवर'च्या पलीकडची वेळ अशी मानपाडा रोडवर येऊन गाडीत बसली होती, आणि मला त्या क्षणी एवढंच हवं होतं की एसी परत बिघडू दे. देवा, लाल टोकाला जाऊ दे तो दांडा. बाबांनी पुढचा ट्रक जाऊ दिला. "हो गं," ते म्हणाले, "जरा गरमच आहे. आतला एखादा पार्ट गेला असणार. उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी ते खरंच गाडी घेऊन गॅरेजला गेले. मी बरोबर गेले होते. गॅरेजवाला आत बसला, बाहेर आला, म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास है, क्या देखूं?" बाबा म्हणाले, "तरी देखो." त्याने बॉनेट उघडलं आणि बाबा त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले, दुपार होईपर्यंत. घरी येऊन आईला सांगितलं, पार्ट मागवलाय, यायला वेळ लागेल.

सुट्टीनंतर आई मंडळासमोर गेली आणि नोकरी गेली. ते सगळं व्हायचं तसं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घरी आल्यावरही ती मधूनमधून विचारायची, "आला का हो तुमचा पार्ट?" बाबा म्हणायचे, "नाही अजून, मुंबईहून यायचाय." कधी म्हणायचे, "चुकीचा आला, परत पाठवला." मी पानं वाढत असायचे. मान वर करायचे नाही. मावशीलाही त्यांनी पढवून ठेवलं होतं. ती बिचारी कॅन भरता भरता आपणहून म्हणायची, "पार्टच मिळत नाहीत हो हल्ली," आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडायची. पुडीचं तिला आम्ही कधीच सांगितलं नाही.

मग काही दिवस आईने विचारलं नाही. बाबा जेवताना वाट बघत असायचे, मला कळायचं. घास हातात धरून थांबायचे. एका रात्री जेवताना त्यांनाच राहवलं नाही. म्हणाले, "तो पार्ट अजून आला नाही गं."

आईने हाताने चाचपून ताकाची वाटी जवळ घेतली. "आता नका मागवू," ती म्हणाली. "खूप फिरलात तुम्ही."